आमच्या येझदीचा डावा सायलेन्सर

मी कंटेंट रायटर आहे. म्हणजे लोकांना हवं ते, हव्या तेवढ्या शब्दांत लिहून देते. सोमवारी गुडघेदुखीचं तेल, मंगळवारी दुबईतले फ्लॅट, बुधवारी मांजरांचं खाणं. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं तेव्हा डोक्यात वेगळंच काहीतरी होतं, पण ते जाऊ दे.

मागच्या पावसाळ्यात एका परदेशी क्लायंटचं काम आलं. विषय होता, जुन्या स्पोर्ट्स कारसाठी एक्झॉस्ट हेडर कसे निवडावेत. पंधराशे शब्द, दोन दिवसांची मुदत. बन्नूरच्या आमच्या घरात, शेजारच्या खोलीत आई लसूण सोलत बसलेली असताना, मी ते एका संध्याकाळीत लिहून टाकलं. चार नळ्या थेट एकीत मिळाल्या तर इंजिन वरच्या वेगात चांगलं पळतं. आधी चाराच्या दोन आणि मग दोनाची एक झाली तर मधल्या वेगात ओढ चांगली मिळते. नळी फार मोठ्या व्यासाची घेऊ नका, वायूचा वेग मंदावतो. साधं पोलाद स्वस्त पण गंजतं, स्टेनलेस टिकतं पण महाग. सगळं बरोबर होतं. फक्त त्यातलं काहीही मी कधी हातात धरलेलं नव्हतं.

पप्पा जेवायला आले तेव्हा लॅपटॉप उघडाच होता.

"हेडर म्हंजे काय गं?"

मी सांगितलं, इंजिनातून जळलेला वायू बाहेर पडतो ना, तिथं लावलेल्या नळ्या. पुढं जाऊन त्या सायलेन्सरला मिळतात.

"म्हंजे बेंड पाईप की." पप्पांनी भाकरी मोडली. "लोकांच्या गाड्यांचं लिहितीस, आपल्या गाडीचा डावा सायलेन्सर गेलाय, त्याचं काय?"

आमच्या घरात गाडी म्हणजे एकच, येझदी रोडकिंग. १९८३ सालची. पप्पांनी ती १९९१ मध्ये म्हैसूरच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली होती.

आधी आम्ही इथे कसे, ते सांगते. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. विट्याच्या आसपासची किती गावं सोन्या-चांदीच्या गलाईवर उभी आहेत, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. दुष्काळी मुलुख, म्हणून माणसं भट्टी आणि मूस घेऊन देशभर पांगली. केरळ, तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक, कुठल्याही बाजारपेठेच्या गल्लीत शिरलात तर एक तरी मराठी गलाईवाला भेटेल. आजोबा असेच बन्नूरला आले. म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव. भात, ऊस, आणि बुटक्या, गोलमटोल मेंढ्या. बन्नूरच्या मेंढीचं मटण कर्नाटकात नावाजलेलं आहे. आमच्या घरात आई माळकरी, त्यामुळे त्या कीर्तीचा आम्हाला उपयोग शून्य.

आणि गाडी येझदीच का? कारण ती इथलीच. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. फारुख इराणी या पारशी गृहस्थांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीचा परवाना घेऊन तो उभा केला आणि १९६१ मध्ये जयचामराजेंद्र वाडियार महाराजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आधी गाड्यांवर 'जावा' लिहिलेलं असायचं, १९७३ पासून 'येझदी' आलं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच. पण म्हैसूर भागात आजही एखादा म्हातारा मेकॅनिक येझदीचं नाव काढलं की हातातलं काम खाली ठेवतो.

या गाडीची एक गंमत आहे. सिलिंडर एकच, पण त्याला धूर बाहेर जायला दारं दोन. त्यामुळे दोन बेंड पाईप, दोन सायलेन्सर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, आणि किक मारायची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होते. धाकट्याच्या मित्रांना हे दाखवलं की ते मोबाईल काढून व्हिडिओच घेतात.

आता आईचं सांगते, कारण खरा विषय तोच आहे.

आई लग्न होऊन १९९४ मध्ये इथे आली. कन्नडचं अक्षर येत नव्हतं. पप्पांचं काम असं, की दिवसभर दुकानात भट्टी आणि संध्याकाळी फेरी. टी. नरसीपूर, मळवळ्ळी, किरुगावलू, सोमनाथपूरकडची खेडी. तिथल्या सोनारांकडून मोड गोळा करायची, गाळून, टंच काढून परत पोचवायची. म्हणजे रात्री अंधारात, उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर, जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात दुसऱ्याचं सोनं घेऊन एकटा माणूस येझदीवर. मोबाईल नव्हता. आई स्वयंपाकघरात दिवा मालवून बसायची आणि ऐकायची.

ती सांगते की कालव्याच्या पुलावर गाडी आली की आवाज एकदा बदलतो, पप्पा तिथे तिसऱ्यावर घेतात. मग मारुतीच्या देवळापाशी पुन्हा. त्यानंतर ती उठायची आणि तवा ठेवायची. पप्पा दारात गाडी लावून हातपाय धुवून येईपर्यंत पहिली भाकरी पानात. मी आणि धाकटा या सगळ्यात झोपलेलो असायचो, पण तव्याचा आवाज माझ्या झोपेत यायचा. वडील घरी आले हे मला लहानपणी भाकरीच्या थापण्यावरून कळायचं. आईला ते दोन किलोमीटर आधी कळलेलं असायचं.

डावा सायलेन्सर गेलाय हेसुद्धा तिनेच ओळखलं. भोक दिसण्याच्या महिनाभर आधी.

"डाव्या अंगानं फुसफुसतीय गाडी," ती म्हणाली. पप्पांनी बोट फिरवून पाहिलं, काही सापडलं नाही. ती म्हणाली, बरं. मग एका सकाळी धाकट्याने गाडी पुसताना फडकं घासलं आणि डाव्या सायलेन्सरच्या खालच्या बाजूचा पत्राच हातात आला.

असं का झालं, ते पप्पांनी लगेच सांगितलं, आणि मला वाटतं सांगताना त्यांना थोडी लाजही वाटली. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून सहसा लवकर सडत नाही, तेलकट काजळीचा थर त्याला राखतो. बाहेरून क्रोम राखतं. पण आमची गाडी वर्षानुवर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत लागायची, जिथे भट्टी आणि तेजाबाचं काम. सोन्यातून चांदी वेगळी करताना तेजाबाचा तांबूस धूर निघतो, तो जड असतो, जमिनीलगत पसरतो. गाडीची डावी बाजू भट्टीकडे. तीस वर्षं तो धूर क्रोमच्या बारीक चिरांमधून आत जात राहिला.

"माझ्या छातीत गेला तेवढाच तिच्यात गेला," पप्पा म्हणाले आणि हसले. आई हसली नाही.

पप्पांनी फेरी बंद केली त्याला आता काही वर्षं झाली. गुडघ्याने किक बसत नाही. शिवाय जून २०२१ पासून हॉलमार्किंग सक्तीचं होत गेलं आणि टंच मशीनवर दोन मिनिटांत निघू लागलं, त्यामुळे कामही उरलं नाही फारसं. गाडी आता धाकटा चालवतो. तो म्हैसूरच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो, सुटतो रात्री अकराला. आणि आई? आई अजूनही दिवा मालवून बसते. माणूस बदललं, ऐकणं तेच.

तर सायलेन्सर निवडायचा होता.

धाकट्याने आम्हाला कोणाला न विचारता ऑनलाईन एक जोडी मागवली. साडेचार हजार. सरळसोट नळी, आत जाळी वगैरे काही नाही. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा दिवस साजरा होतो, तेव्हा गाड्यांचा ताफा निघतो, त्यात त्याला मिरवायचं होतं. विकणाऱ्याने लिहिलं होतं की ताकद वाढेल. कसं वाढेल ते लिहिलं नव्हतं. असल्या मजकुरात ते लिहायचं नसतं, हे मी धंद्यातली म्हणून सांगते.

जोडी बसली. पहिल्या किकला आमच्या गल्लीतली कुत्री पळाली. आवाज असा, की समोरच्या घरातल्या बाळंतिणीची आई खाली येऊन नुसती उभी राहिली, बोलली काहीच नाही. पण मजा अशी झाली की गाडी पळेना. पुलाच्या चढाला, जिथे पप्पा तिसऱ्यावर आरामात जायचे, तिथे धाकट्याला दुसरा टाकावा लागायचा.

"पोकळ झालीय," पप्पा म्हणाले.

आणि इथे माझा तो पंधराशे शब्दांचा लेख पहिल्यांदा कामाला आला. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. जळलेला वायू बाहेर पडत असतानाच ताजं पेट्रोल आत येत असतं, आणि त्यातलं थोडं सरळ बाहेर निसटतं. आता बाहेर गेलेली दाबाची लाट पाईपच्या पुढच्या अरुंद भागावर आपटून परत आली, आणि नेमक्या वेळी दाराशी पोचली, तर ती निसटलेलं पेट्रोल आत ढकलते. म्हणजे सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही, तो दार राखतो. सरळसोट नळी लावली की परतीची लाट हवी तशी येत नाही, दार उघडंच.

ही लाट नेमकी पकडण्याची विद्या १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत, एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने सिद्ध केली. पाईप आधी फुगत जातो, मग निमुळता होतो, असा आकार. १९६१ मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला, जाताना ही विद्या सुझुकीला दिली, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. एका नळीच्या आकारासाठी एवढं! मी हे जेवताना सांगितलं तर आई म्हणाली, "आणि त्या पळून गेलेल्याची आई?" मला माहीत नव्हतं.

पण नुसत्या ताकदीवर धाकटा ऐकला नसता. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर असल्या आवाजाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, बघू.

मग ती रात्र आली. साडेअकरा झाले, बारा झाले. रस्त्याने हल्ली फुटक्या आवाजाच्या गाड्या बऱ्याच जातात. प्रत्येक वेळी आई उठून दारापर्यंत जायची आणि परत यायची. तिला यातली आपली कुठली तेच कळत नव्हतं. पप्पांनी फोन लावला, उचलला नाही. मी माझ्या खोलीत काम करत होते, खरं म्हणजे करत असल्याचं दाखवत होते. साडेबाराला मी पाणी प्यायला उठले तर आई अंधारात पाटावर बसलेली, हात मांडीवर. दीड वाजला. मी म्हटलं, चल, पप्पांना उठवू. आणि मागच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला.

धाकटा केव्हाच आला होता. बाळंतिणीच्या घराला त्रास नको म्हणून त्याने कोपऱ्यावरच इंजिन बंद केलं, गाडी ढकलत आणली, मागच्या दाराने आला आणि उपाशीच झोपला. आईला उठवायचं नाही, एवढाच त्याचा विचार. तासभर मुलगा घरात, आणि ती त्याची वाट बघत दोन भिंतींपलीकडे बसलेली.

सकाळी तिने त्याला रागावलं नाही. फक्त चहा देताना म्हणाली, "काल मला तू आलास ते कळलंच नाही रे."

त्याच दिवशी दुपारी त्याने ती जोडी काढली. आवळायची नट कशी धरायची हे त्याला माहीत नव्हतं. येझदीचा बेंड पाईप इंजिनाला आट्याच्या मोठ्या गोल नटाने धरलेला असतो, त्याला आकडीचा खास पान्हा लागतो. पप्पांनी तो न बोलता पेटीतून काढून दिला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं म्हैसूरला गेलो. मीही गेले, कारण या वेळी मला बघायचं होतं. तिथल्या एका जुन्या मेकॅनिकने तीन डावे सायलेन्सर समोर ठेवले. पहिला चकचकीत नवा, नकली बनावटीचा. दुसरा स्टेनलेसचा. तिसरा कुठल्यातरी मोडीत काढलेल्या रोडकिंगचा, कारखान्यातला मूळ, क्रोम उडालेला, एक पोचा आलेला.

पप्पांनी खिशातून लोहचुंबक काढलं. सोनारकामातल्या माणसाच्या खिशात ते असतंच. स्टेनलेसला ते चिकटलं नाही, म्हणजे माल खरा. पण पप्पा म्हणाले, तापून सोनेरी-निळा होईल, उजव्याशी रंग जुळणार नाही. मग त्यांनी नव्यावर नखाने टिचकी मारली. टणण् असा पातळ आवाज. मूळच्यावर मारली, तर ठप्प. जाड पत्रा. धाकट्याला हाताने तोलून बघायला लावलं. नवा हलका होता. आतली जाळी बाहेर ओढून पाहिली, तर नव्यात नुसती भोकं पाडलेली पट्टी, मूळच्यात पडदे नीट अंतरावर बसवलेले.

"नवा घ्या सेटू, दिसायला छान," मेकॅनिक कन्नडमध्ये म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मूळच्याला साफ करायचं, पोचा काढायचा, पुन्हा क्रोम करायचं, खर्च नव्यापेक्षा जास्त होता.

मला माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद आठवला. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दलचा. तिच्या चार सिलिंडरांपैकी मधल्या दोघांचं धुराचं दार एकच असतं, म्हणून तिच्या हेडरला चार नव्हे, तीनच नळ्या. आणि जाणकार असं सांगतात की तिचं बिडाचं मूळ मॅनिफोल्ड मुळातच इतकं चांगलं आहे, की साध्या इंजिनाला नवे हेडर लावून फारसा फरक पडत नाही. मी हे अगदी शेवटी, बारीक करून लिहिलं होतं, कारण क्लायंटला हेडर विकायचे होते. दुकानात उभ्या उभ्या मला ते वाक्य वर घ्यावंसं वाटलं.

आम्ही पोचा आलेला घेतला.

घरी आणून पप्पांनी तो दोन दिवस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवला. सगळी जुनी काजळी काळ्या लगद्यासारखी निघाली. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचे किती किलोमीटर त्यात होते कुणास ठाऊक. क्रोम म्हैसूरला करून आणलं. बेंड पाईपच्या तोंडाला बसणारी तांब्याची कडी पप्पांनी स्वतः केली, भट्टी पेटवून तांबं लाल केलं, पाण्यात बुडवून मऊ केलं. भट्टी बऱ्याच दिवसांनी पेटली होती. गाडी मात्र या वेळी पुढच्या अंगणात होती.

बसवून झाल्यावर धाकटा म्हणाला, पुलापलीकडे जाऊन येतो. आई स्वयंपाकघरात होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिने गॅस बंद केला. कुकरची शिट्टी मध्ये येऊ नये म्हणून असावं.

बराच वेळ काही नाही. मग लांबून आवाज आला. पुलावर तो बदलला. देवळापाशी पुन्हा बदलला.

"उजवा तसाच हाय," आई म्हणाली. "डावा अजून परक्यावानी बोलतोय."

"काजळी धरू दे," पप्पा म्हणाले. "चार-पाचशे किलोमीटर गेला की बसंल."

तिने तवा ठेवला.